दांड्यावरची पिठाची चिमूट

एकदा एका गावात एक वृद्ध पाकशास्त्री राहत असत. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं, तर तुमच्यातले निम्मे आत्ताच तिकडे जेवायला निघतील आणि माझ्यासमोर उरतील ते फक्त पथ्यावरचे. समुद्र जवळ होता आणि बाजारात कोलंबी ताजी मिळे, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

या वृद्धाचं सारं तारुण्य मोठमोठ्या हॉटेलांच्या भटारखान्यांत गेलं होतं. उतारवयात ते गावी परतले आणि घरामागच्या पडवीत स्वयंपाकाची शिकवणी घेऊ लागले. सगळे त्यांना वस्ताद म्हणत. खरं नाव कुणाच्या लक्षात नव्हतं. लग्नाच्या पत्रिकासुद्धा 'श्री. वस्ताद' अशाच येत आणि ते खुशाल जाऊन जेवून येत.

त्यांची एक शिष्या होती, शर्वरी नावाची. तिशी ओलांडलेली, हुशार, मन लावून शिकणारी, आणि रुसायला अंमळ लवकर तयार होणारी. तिची थोरली जाऊ हेमलता. घरात सगळे तिला हेमावहिनी म्हणत. एका छपराखाली दोन जावा आणि तरी भांडण नाही, ही गोष्ट गल्लीतल्या बायकांना कित्येक वर्षं पचलेली नव्हती. त्या आळीपाळीने येऊन अंदाज घेत आणि निराश होऊन परत जात.

या दोघींनी ठरवलं, की घराच्या पुढच्या दोन खोल्यांत छोटीशी खानावळ काढायची. मुहूर्त पाडव्याचा. वहिनींच्या हाताला चव होती, शर्वरीच्या हाताला शिस्त होती, आणि एकीवाचून दुसरीचं काही चाललं नसतं. खानावळीची खासियत ठरली ती वहिनींचं कोलंबीचं भानोलं. ज्यांनी खाल्लं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बेसनात कांदा, मिरची, कोथिंबीर, नारळाचं दूध आणि सढळ हाताने कोलंबी घालायची, ते तेलावर जाडसर थापायचं, आणि खालून विस्तव, वरून विस्तव द्यायचा. पूर्वी झाकणावर निखारे ठेवत. आता खानावळीत निखारे फुंकत कोण बसणार? म्हणून ओव्हन आला. आणि ओव्हन आला, म्हणून प्रश्न आला तव्याचा.

कारण भानोल्याला आधी शेगडी लागते आणि मग ओव्हन. दोन्हीकडे चालेल असा खोलगट तवा हवा होता. शिवाय पापलेटाच्या तुकडीवर काळ्या रेघा उमटवणारा ग्रिल पॅन हवा होता, कारण हल्ली गिऱ्हाईक आधी फोटो काढतं आणि मग जेवतं.

"वस्ताद, तुम्ही चला ना माझ्याबरोबर," शर्वरी म्हणाली. "मला दुकानात गेलं की सगळंच आवडतं."

"तेच तर पाहायचंय," म्हणत वस्तादांनी टोपी घातली.

भांड्यांच्या दुकानाचे मालक मोठे हौशी व्यापारी. ताक मागवून त्यांनी एकेक तवा असा काही मांडला, की मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम वाटावा. शर्वरीची नजर पहिल्याच तव्यावर खिळली. आतून गुळगुळीत, बाहेरून पोपटी, हलका, आणि दांड्यावर मऊसूत रबरी वेष्टन.

"ताई, तुमची पारख एक नंबर!" व्यापारी म्हणाले. "ओव्हनलाही चालतो. गॅसवर चालतो, ओव्हनमध्ये चालतो, आणि हा पाहा, आत रेघापण आहेत थोड्या. म्हणजे ग्रिल पॅन वेगळा घ्यायला नको. एकात दोन!"

वस्तादांनी आतला गुळगुळीतपणा पाहिलासुद्धा नाही. त्यांनी दांडा धरला, वेष्टनावर नख दाबलं, दांडा जिथं तव्याला जोडला होता तिथले स्क्रू पाहिले, आणि तवा हलकेच हलवला. स्क्रू कुरकुरले.

"शेठ, ओव्हनमध्ये जाताना हा दांडा बाहेर काढून ठेवायचा का?"

"छे, छे! तसाच जातो."

"किती आचेपर्यंत?"

व्यापाऱ्यांनी खोकं उलटंसुलटं केलं, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "आच अशी... मध्यम."

"आमच्या भानोल्याला मध्यम आच म्हणजे थट्टा," वस्ताद हसले. "बघ पोरी, ओव्हन काही नुसतं तव्याचं बूड तापवत नाही. आत गेलं ते सगळं तापतं. बूड, कड, दांडा, स्क्रू, सगळं. यातलं जे सगळ्यात कच्चं, तेवढाच तवा पक्का. हा तवा आत गेला, की आधी रबराचा वास येईल, मग गिऱ्हाईक जाईल."

"आणि ह्या रेघा?" शर्वरीने विचारलं.

वस्तादांनी रेघांवरून बोट फिरवलं. "ह्या रेघा नाहीत, सुरकुत्या आहेत. पापलेटाला दिसणारही नाहीत. आणि भानोलं मात्र यांच्यात अडकून बसेल, ते सुरीने खरवडून काढत बसशील. दोन कामांना दोन भांडी, पोरी. भानोल्याला बूड सपाट हवं, म्हणजे सगळीकडून सारखा खमंग थर धरतो. ग्रिल पॅनला रेघ उंच हवी, म्हणजे मासा तेवढ्याच रेघेवर टेकतो आणि सुटलेलं तेल खालच्या खाचेत जातं. खाच रुंद हवी, घासणारीचं बोट आत गेलं पाहिजे. नाहीतर दुसऱ्या आठवड्यात तो पॅन माळ्यावर."

व्यापारी ऐकता ऐकता स्वतःच गुंगले आणि आतून कुणालाही न दाखवलेला माल काढून आणू लागले. शेवटी बिडाचा एक खोलगट तवा निघाला. तेल पाजून, तापवून काळाभोर केलेला. बूड आणि दांडा एकाच ओतीव कामाचा, ना जोड, ना स्क्रू. दांड्याच्या समोरच्या बाजूला धरायला छोटासा कान. देखणेपणाच्या नावाने आनंदच होता.

"हा?" शर्वरीचा चेहरा उतरला. "वस्ताद, हा तर आमच्या पणजीच्या वेळचा वाटतो."

"पाणी आणा शेठ," वस्ताद म्हणाले.

तव्यात पाणी भरलं गेलं. वस्तादांनी तो शर्वरीच्या हातात दिला. "हात लांब कर. आता मला सांग, काल रात्री जेवायला काय काय होतं?"

शर्वरीने सुरुवात केली. वरण-भात झाला, भेंडीची भाजी झाली, आणि कोशिंबिरीपर्यंत येता येता मनगट थरथरायला लागलं. पाणी व्यापाऱ्यांच्या धोतरावर सांडलं. व्यापारी मोठ्या मनाचे, म्हणाले, "आमटी सांडली नाही हे नशीब!"

"हा मोठा झाला तुला," वस्ताद म्हणाले. "याच्या खालच्या मापाचा आणा. भानोलं उलटं करून ताटात काढायचंय, भीमाची गदा फिरवायची नाही." खालच्या मापाच्या तव्यावर शर्वरीने गोडाच्या शिऱ्यापर्यंत सगळं जेवण सांगितलं आणि हात स्थिर राहिला. तोच घेतला. रेघांचा पॅनही बिडाचाच घेतला, उंच रेघांचा, रुंद खाचांचा, आणि तेल ओतायला कडेला चोच असलेला.

वाटेत शर्वरी म्हणाली, "वस्ताद, त्या पोपटी तव्याचा दांडा हाताला किती गार लागत होता. हा तर तापेल."

"तापेल ना. भट्टीतून अखंड जाणारं भांडं भट्टीइतकंच तापतं. त्याची रीत वेगळी असते. सांगेन."

पण सांगायचं राहिलं, आणि मधेच रंगीत तालीम आली.

तालीम वस्तादांच्याच पडवीत होती. शर्वरी भानोलं करणार, हेमावहिनी येऊन चव पाहणार, आणि मगच पाडव्याच्या जेवणाची यादी ठरणार. शिकवणीतल्या दोन-तीन बायकाही खायच्या आशेने रेंगाळल्या होत्या. शर्वरीने सकाळपासून जीव ओतला होता. तवा शेगडीवर तापवला, मिश्रण थापलं, खालचा थर धरला तशी तो उचलून ओव्हनमध्ये सारला. ते अजून भाजत होतं, पण चव पाहायला वाटीभर मिश्रणाचा एक छोटा नमुना तिने आधीच भाजून ठेवला होता.

वहिनी उशिरा आल्या. आल्या त्या चप्पलसुद्धा नीट न काढता. नमुन्याचा तुकडा तोंडात टाकला, आणि ज्या बाईने घरात कधी आवाज चढवला नव्हता, तिने सगळ्यांदेखत आग पाखडली.

"हे भानोलं? हा बेसनाचा केक आहे! जिन्नस ओव्हनमध्ये ढकलला की झालं, असं वाटतं का तुला?"

"वहिनी, अजून मोठं भाजतंय, ते बघा तरी..."

"काय बघायचंय त्यात! तुझ्या माहेरी चालत असेल असलं. आमच्याकडे नाही चालत."

आणि त्या तशाच निघून गेल्या.

आपल्याकडे बाईला दहा गोष्टी बोला, ती ऐकून घेईल. माहेरचं नाव काढलंत, की संपलं. शिकवणीतल्या बायकांना अचानक आपापल्या घरची कामं आठवली आणि त्या पांगल्या. त्या संध्याकाळी गल्लीत ही बातमी कुठल्या वेगाने फिरणार होती, ते शर्वरीला पुरतं ठाऊक होतं.

ती आधी रडली, मग चिडली, मग ताठ झाली. "संपलं वस्ताद! मी त्यांच्याबरोबर खानावळ काढणार नाही. काढली तर एकटीने काढीन, नाहीतर नाहीच. आज चार बायकांत माझं माहेर काढलं, उद्या गिऱ्हाइकांत काढतील. एका घरात राहू, पण एका चुलीशी उभं नाही राहायचं मला त्यांच्याजवळ."

आता खानावळ मोडली असती तर मोडली असती. जगात खानावळींना तोटा नाही. पण इतक्या वर्षांची जाऊ मोडली असती, तर ती कुठून आणायची? वस्तादांना हे दिसत होतं. रागाच्या भरात शर्वरीला ते दिसत नव्हतं, एवढंच.

वस्तादांनी जाड कोरडं फडकं घेतलं, ओव्हन उघडून तवा बाहेर काढला, भानोलं ताटात उलटं केलं. सोनेरी, कडेला कुरकुरीत, वास असा की रडणारी शर्वरीही क्षणभर थांबली. मग त्यांनी रिकामा तवा ओट्यावर इतर भांड्यांच्या रांगेत ठेवला. आणि तांदळाच्या पिठाच्या डब्यात हात घालून एक चिमूट उचलली आणि तव्याच्या काळ्या दांड्यावर भुरभुरली.

शर्वरी पाहत राहिली. पूजा म्हणावी तर हळदकुंकू नाही. वेड म्हणावं तर वस्ताद. त्यांनी काम संपल्यासारखे हात झटकले आणि ते भानोल्याचे तुकडे पाडू लागले.

पण शर्वरी पडली नीटनेटक्या घरातली. घासूनपुसून ठेवलेल्या भांड्यांत एकावर पीठ सांडलेलं तिला कसं बघवेल? मन कितीही दुखलेलं असो, हात आपलं काम सोडत नाहीत. तिने ओलं फडकं पिळलं आणि दांडा पुसायला गेली.

'चर्रर्र' झालं. वाफेचा फुत्कार उठला, फडकं एकीकडे, शर्वरी दुसरीकडे. बोटं थोडक्यात वाचली.

"अगो बाई! हा अजून एवढा तापलेला आहे?"

"मग? तुला काय वाटलं, गार आहे?"

"ओट्यावर ठेवला होता ना! बाकीच्या भांड्यांत. खाली जाळ नाही, काही नाही. रडण्याच्या भरात मला कसं कळणार?"

"कळावं म्हणूनच पीठ टाकलं होतं," वस्ताद म्हणाले. "आणि तू आधी तेच पुसायला निघालीस. ये, बस. बोटं दाखव. काही नाही झालेलं. गार पाण्यात धर, आणि ऐक."

शर्वरी बोटं पाण्याच्या वाटीत बुडवून बसली. वस्तादांनी खुर्ची पुढे ओढली.

"मोठ्या भटारखान्यात आम्ही वीस-वीस माणसं एकत्र राबायचो. शेगडीवरचं भांडं कुणालाही कळतं. खाली जाळ दिसतो, माणूस जपून हात घालतो. पण ओव्हनमधून बाहेर आलेलं भांडं फसवं. काळं होतं, काळंच दिसतं. गार भांड्यांशेजारी गार असल्यासारखं बसतं. येणारा घाईने दांडा धरतो आणि हात भाजतो. मग तो त्या भांड्याला शिव्या घालतो. सांग, चूक भांड्याची?"

"नाही."

"हात घालणाऱ्याची?"

शर्वरीने आपल्या बोटांकडे पाहिलं. "त्याचीही नाही. त्याला काय ठाऊक?"

"म्हणून ही रीत पडली. भट्टीतून आलेल्याच्या दांड्यावर पिठाची चिमूट टाकायची. बाकी काही बोलायचं नाही, ओरडायचं नाही. पीठ दिसलं, की कुणीही ओळखतं, हा आत्ता आतून आलाय, याला जरा वेळ द्या." मग वस्ताद जरा हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या हेमावहिनी या तव्यासारख्या आहेत पोरी. मन एक आणि दांडा दुसरा, असं नाही त्यांचं. म्हणून तर तू त्यांच्या भरवशावर खानावळ काढायला निघालीस. असली माणसं आचेतून गेली, की सबंध तापतात, धरायच्या जागेसकट. आज त्या कुठल्या भट्टीतून आल्या, मला ठाऊक नाही. तुला आहे?"

शर्वरीला ठाऊक नव्हतं. सकाळी ती घरातून निघाली तेव्हा वहिनींचा चहा तसाच ओट्यावर निवत होता, हे तिने पाहिलं होतं. पण तालमीच्या गडबडीत विचारायचं राहून गेलं होतं.

"पण वस्ताद, त्यांनी माझं माहेर काढलं," ती म्हणाली, आणि पुन्हा डोळे भरले. "तापल्या होत्या तर तापल्या होत्या. पीठ टाकायचं काम त्यांचं नाही का? सांगायचं ना, आज माझं बरं नाही म्हणून!"

"बरोबर आहे तुझं," वस्ताद म्हणाले. "त्यांनीच टाकायला हवं होतं. नाही टाकलं. माणसाला ते जमतंच असं नाही; तापलेल्याला स्वतःचा ताप कुठला दिसतो? मग उरतो एकच उपाय. दांडा कसाही दिसो, आधी कोरडं फडकं घेऊन धरावा. गार निघाला, तर आपलं काय गेलं? आणि खरंच तापलेला निघाला, तर हात वाचतो आणि भांडंही पडत नाही."

"म्हणजे मी काय करू?"

"ते मी कशाला सांगू? फडकं तुझ्या हातात आहे. हे भानोलं मात्र घेऊन जा. निवलं की माझ्याच पोटात जाईल सगळं."

शर्वरी घरी आली. पुढच्या खोलीत, जिथं खानावळ व्हायची होती, तिथं हेमावहिनी उलट्या घातलेल्या पातेल्यावर बसून एकच ताट पुसत होत्या. ताट केव्हाच लखलखीत झालं होतं. शर्वरीला पाहून त्यांचे हात थबकले, मान मात्र वर झाली नाही. शर्वरीच्या ओठावर तयार वाक्यं होती. गल्लीच्या कोपऱ्यापासून घोकत आलेली, एकापेक्षा एक टोकदार. ती तिने गिळली.

"वहिनी, सकाळपासून काही खाल्लंत का?"

झालं. एवढ्या प्रश्नाने त्या बाईचा बांध फुटला. ताट मांडीवरून घरंगळलं. त्या हुंदके देत बोलू लागल्या तेव्हा शर्वरीला आधी काही कळेना, मग हळूहळू उलगडलं. वहिनींचे वडील म्हातारे, भावाकडे दोन तासांच्या अंतरावर राहायचे. रोज सकाळी वहिनी त्यांना फोन करत. भानोलं शिकवलं ते याच वडिलांनी, रविवारी स्वतः पदर खोचल्यासारखं धोतर खोचून चुलीपुढे बसणारे ते गृहस्थ. अलीकडे त्यांना विसरायला होत होतं. आणि आज सकाळी ते फोनवर अतिशय सभ्यपणे म्हणाले होते, "ताई, आपण कोण बोलताय? जरा थांबाल का? माझ्या मुलीचा फोन येईल एवढ्यात."

"मी म्हटलं, अहो बाबा, मीच हेमा," वहिनी सांगत होत्या. "तर म्हणतात, नाही, नाही, तिचा आवाज मला ओळखता येतो." त्यांनी तोंडाला पदर लावला. "आणि मग तुझं ते भानोलं तोंडात टाकलं, तर मला काही चवच लागेना गं. वाटलं, माझंच माहेर गेलं. आणि मी तुझं काढलं."

शर्वरीला आपल्या घोकलेल्या वाक्यांची लाज वाटली. तिने पातेल्याशेजारी फतकल मारली, डबा उघडला, आणि एक तुकडा वहिनींच्या तोंडात दिला. वहिनींनी चावला, गिळला, नाक ओढलं.

"मीठ ठीक आहे," त्या म्हणाल्या.

"उद्या जाऊ या आपण," शर्वरी म्हणाली. "दोघी. करून घेऊन जाऊ."

"अगं, पाडवा तोंडावर आलाय! रंग व्हायचाय, बाकं यायचीत..."

"येतील बाकं. बाबा आधी."

दुसऱ्या दिवशी पहाटे दोघींनी मिळून भानोलं केलं आणि पहिल्या एसटीने निघाल्या. वडील अंगणात खुर्चीवर बसले होते, स्वच्छ दाढी केलेले, अगदी प्रसन्न. या दोन बायका कोण ते त्यांना उमगलं नाही, पण पाहुण्यांचं स्वागत त्यांनी मोठ्या अदबीने केलं आणि सुनेला चहा टाकायला सांगितला. वहिनींनी बशीत तुकडा दिला. म्हाताऱ्याने तो डोळे मिटून खाल्ला. वहिनी डब्याचं झाकण हातात धरूनच उभ्या होत्या.

"उत्तम!" म्हातारा म्हणाला. "फार छान झालंय. पण राग मानू नका बरं का ताई, खरं सांगतो. आमची हेमा करते ना, त्याची सर नाही याला."

वहिनींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, आणि त्या हसतही होत्या. "नाही ना?" त्या म्हणाल्या. "तिच्यासारखं कुणालाच जमत नाही, बाबा."

"येईल ती," म्हातारा मोठ्या विश्वासाने म्हणाला. "तिची माझ्यावर फार माया. आणखी एक तुकडा द्या. सर नाही म्हटलं, म्हणून काय झालं? खाणार नाही असं कुठं म्हटलं?"

दोघींनी त्यांना पोटभर वाढलं. संध्याकाळच्या एसटीत वहिनी खिडकीशी बसल्या. मग वळून म्हणाल्या, "शर्वरी, तुझ्या माहेरचं नाव काढलं मी. ते माझ्याच जिवाला लागून राहिलंय."

"मलाही लागलं होतं," शर्वरी म्हणाली. खोटं कशाला बोलायचं? "रात्रीपर्यंत लागत होतं. आता नाही."

"उद्या त्या शिकवणीतल्या बायकांना बोलाव घरी. त्यांच्यासमोर बोलले, त्यांच्यासमोरच सांगेन, की चूक माझी होती."

"बोलावते. पण त्या भानोलं खाल्ल्याशिवाय माफ करायच्या नाहीत."

"असल्याच हावरट आहेत मेल्या," वहिनी म्हणाल्या, आणि दोघी इतक्या खदखदून हसल्या, की कंडक्टरने वळून पाहिलं.

पाडव्याला खानावळ निघाली, दोघींची. पहिलं ताट वस्तादांना वाढलं. दुसरं भांड्यांच्या व्यापाऱ्यांना. ते या वेळी धोतर सांभाळून बसले होते. गल्लीतल्या बायका अंदाज घ्यायला आल्या, नेहमीप्रमाणे निराश झाल्या, आणि मुकाट्याने जेवून गेल्या.

सज्जनहो, आज संध्याकाळी घरी कुणी अकारण टाकून बोललं, तर उत्तर जिभेवर येईल, याची मला खात्री आहे. ते द्या, जरूर द्या. फक्त त्याआधी एकदा विचारून पाहा, की जेवलात का.